शिलोहाचा बुरूज आणि इर्शाळवाडी

नम्रता आणि देवावरचा भरवसा हे दोन शब्द आपण ख्रिस्ती माणसे इतक्या वेळा उच्चारतो, की जुन्या नाण्यावरचा छाप झिजावा तसा त्यांचा अर्थ झिजून गेला आहे. घरात अकाली मृत्यू झाला, की सांत्वनाला आलेला म्हणतो, 'देवाची मर्जी.' कुणाचे शेत वाहून गेले, कुणाचा रोजगार बुडाला, की त्याला सांगण्यात येते, 'देवावर भरवसा ठेव.' आणि ह्यांतलाच एखादा उठून 'असे का झाले?' असे विचारू लागला, की त्याच्या खांद्यावर हात ठेवून सल्ला दिला जातो, 'नम्र राहा, बाबा.' बोलणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. परंतु ही तीन वाक्ये एकापुढे एक ठेवली असता त्यांतून जो धर्म उभा राहतो, तो प्रभू येशूचा धर्म आहे काय? प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत असे, की तो नाही. तो दैववाद आहे, आणि त्याने आपल्या सद्‌गुणांची वस्त्रे पांघरली आहेत.

हा विषय हवेत राहू नये म्हणून तो रायगड जिल्ह्याच्या मातीवर उतरवू.

एक रात्र

खालापूर तालुक्यात चौक गावाच्या पाठीशी इर्शाळगड उभा आहे. त्याच्या सुळक्याखालच्या उतारावर ठाकर समाजाची इर्शाळवाडी होती. वाडीला गाडीरस्ता नव्हता. पायथ्याच्या गावातून तास-दीड तासाची चढण चढावी, तेव्हा ती घरे दिसत. १९ जुलै २०२३ रोजी, बुधवारी, रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास वरचा डोंगर सुटला आणि वाडीवर आला. त्याआधी तीन दिवस तेथे अखंड मुसळधार पाऊस कोसळत होता. कोकणातल्या ह्या डोंगरांचा कणा काळ्या कातळाचा आहे. त्यावर माती आणि झिजलेल्या दगडांचा थर असतो. पाणी मुरत मुरत तो थर जड झाला आणि खालच्या खडकावरची त्याची पकड सुटली, की तीव्र उतारावर त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही.

रात्रीच मदतीला लोक निघाले. आजूबाजूच्या गावांतले रहिवासी, गिर्यारोहक तरुण, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान अंधारात, चिखलात, पावसात वर चढले. नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकाराने मरण पावला. यंत्रे वर नेता येईनात, म्हणून कुदळीफावड्यांनी आणि हातांनी माती उपसावी लागली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले आणि ती ५७ माणसे त्या मातीतच राहिली. पुढे सिडकोने वाचलेल्या कुटुंबांसाठी चौकजवळ नवी घरे बांधली.

ही काही पहिली घटना नव्हती. २००५ च्या जुलैमध्ये ह्याच जिल्ह्याच्या महाड तालुक्यात जुई आणि दासगाव येथे डोंगर कोसळले. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यात माळीण गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या तळिये गावात ऐंशीहून अधिक माणसे दगावली. तरीही इर्शाळवाडीच्या वेळी शासनाने सांगितले, की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. ज्या वाडीला रस्ता नव्हता, तिला यादीतही जागा नव्हती. आणि जी यादीत नव्हती, तिला त्या रात्री खाली उतरायला सांगणारेही कुणी नव्हते.

अशा घटनेनंतर श्रद्धाळू माणसे हमखास दोन गोष्टी बोलतात. एक, 'देवाच्या मर्जीपुढे कुणाचे चालते?' आणि दुसरी, 'त्या लोकांनी डोंगर सोडायला नको होता का?' पहिल्या वाक्यात देवाला आरोपी केले जाते, दुसऱ्यात मृतांना. मधल्या जिवंत माणसांवर, म्हणजे आपल्यावर, कसलाच आळ येत नाही. ह्या दोन्ही वाक्यांची सोय तेवढीच आहे.

प्रभूने काय सांगितले?

ह्याच प्रश्नावर प्रभू येशूचे उत्तर शुभवर्तमानात नोंदलेले आहे, ही गोष्ट आपण विसरतो. संत लूकच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी तो प्रसंग आहे. यरुशलेमजवळ शिलोह येथे एक बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती म्हणून त्यांच्यावर बुरूज पडला असे तुम्हांला वाटते काय, असे प्रभू विचारतो आणि स्वतःच निक्षून 'नाही' म्हणतो. मृतांच्या माथी दोष मारण्याचा मार्ग तो तिथल्या तिथे बंद करतो. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळतो: तुम्ही पश्चात्ताप केला नाही, तर तुमचीही गत तशीच होईल.

हे वळण फार महत्त्वाचे आहे. दुर्घटनेचा प्रश्न प्रभू मेलेल्यांकडून काढून घेतो आणि जिवंतांच्या हाती देतो. 'त्यांनी काय केले होते?' हा प्रश्न खोटा. 'तुम्ही आता काय बदलणार?' हा खरा. आणि ते बदलणे म्हणजे काय, हे सांगण्यासाठी तो लागलीच अंजिराच्या झाडाचा दाखला देतो. फळ न देणारे झाड मालक तोडायला निघतो. माळी एका वर्षाची मुदत मागतो. पण मुदत मागून तो झाडाखाली स्वस्थ बसत नाही. भोवती खणीन, खत घालीन, असा शब्द देतो. कृपेचे वर्ष आणि माळ्याची कुदळ ह्या दोन गोष्टी दाखल्यात एकत्र आल्या आहेत. आपण त्यांची ताटातूट केली.

भरवसा आणि गृहीत धरणे

देवावर भरवसा ठेवणे आणि देवाला गृहीत धरणे ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा भेद आजकालचा नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात आशा ह्या सद्‌गुणाविरुद्ध घडणारी दोन पापे सांगितली: एक निराशा आणि दुसरे देवाला गृहीत धरणे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २०९२ व्या परिच्छेदात हीच शिकवण आढळते. माणूस स्वतःच्या बळाचा फाजील विश्वास बाळगतो तेव्हा तो हे पाप करतो. आणि स्वतः काहीही न बदलता देवाच्या सामर्थ्यावर व दयेवर हक्क सांगतो, तेव्हाही तो तेच पाप करतो. आपल्या प्रवचनांतून पहिल्या प्रकाराविषयी आपण पुष्कळ ऐकतो. दुसऱ्याविषयी किती वेळा ऐकले, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

प्रभूच्या परीक्षेची कथा ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. सैतान त्याला मंदिराच्या उंच टोकावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो. त्यासाठी तो आधार कशाचा घेतो? एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचा. देव आपल्या माणसाला देवदूतांकरवी झेलतो असे सांगणारे ते भरवशाचे स्तोत्र. म्हणजे भरवशाच्या वचनाचा दाखला देऊन माणसाला कड्यावरून लोटण्याची युक्ती प्रथम सैतानाने काढली! प्रभूने ती ओळखली आणि देवाची परीक्षा पाहू नये, असे उत्तर दिले. तेव्हा तीव्र उताराखाली राहणाऱ्या माणसाला, त्याला दुसरी जागा, रस्ता किंवा सूचना न देता, 'देव सांभाळील' एवढेच जो सांगतो, त्याने आपण कोणाची भाषा बोलत आहोत हे एकदा तपासून घ्यावे.

येथे कुणी म्हणेल, की उद्याची चिंता करू नका असे प्रभूनेच सांगितले नाही का? सांगितले आहे. मत्तयच्या सहाव्या अध्यायातला तो उपदेश आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्याच उपदेशात देवाचे राज्य आणि त्याचे न्यायीपण आधी शोधा, अशी अट आहे. धर्मशिक्षणग्रंथ 'प्रभूची प्रार्थना' समजावून सांगताना २८३० व्या परिच्छेदात म्हणतो, की ह्या भरवशाने माणसावर आळस लादला जात नाही, मनाला कुरतडणारी काळजी तेवढी दूर होते. पुढच्याच परिच्छेदात जगातल्या भुकेचा विषय येतो आणि मनापासून ही प्रार्थना करणाऱ्यावर भुकेल्या बांधवाची जबाबदारी येते, असे तो बजावतो. आपण रोज 'आमची भाकर' मागतो, 'माझी' नव्हे. त्या 'आमची' मध्ये इर्शाळगडाच्या उतारावरचे घर येते की येत नाही, ह्यावर आपली प्रार्थना खरी की खोटी हे ठरते.

नम्रता कुणी धरायची?

आता नम्रतेकडे वळू. ह्या सद्‌गुणाची आपण जी वाटणी केली आहे ती मोठी चमत्कारिक आहे. वरच्याने उपदेश करायचा आणि खालच्याने नम्र व्हायचे! शुभवर्तमानात नेमके उलट आहे. शिष्यांचे पाय धुण्यापूर्वी, पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे येशूला ठाऊक होते, असे संत योहान मुद्दाम सांगतो. ज्याच्या हाती सर्व काही होते तो गुडघे टेकून खाली बसला. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल हीच गोष्ट सांगतो: देवाच्या स्वरूपात असणारा रिता झाला. नम्रतेचा प्रवाह वरून खाली वाहतो. ज्याच्याजवळ उतरण्यासाठी पायऱ्या आहेत, त्यालाच उतरण्याचा उपदेश करण्यात अर्थ आहे. जो आधीच तळाशी आहे त्याला आणखी वाक म्हणणे हा निव्वळ जुलूम होय.

पवित्र मरियेच्या गीताचेही आपण असेच केले. देवाने आपल्या दासीच्या दीन अवस्थेकडे पाहिले, असे ती म्हणते. मूळ ग्रीक शब्द 'तापैनोसिस' हा तिच्या सामाजिक स्थितीविषयी आहे, केवळ मनाच्या मवाळपणाविषयी नाही. आणि त्यानंतर ती जे गाते त्यात सत्ताधीश सिंहासनावरून खाली येतात, दीन वर उचलले जातात, भुकेले तृप्त होतात आणि धनवान रिकाम्या हाताने परत जातात. आपण तिची मान खाली घातलेली मूर्ती तेवढी घरी आणली आणि तिचे गाणे देवळातच ठेवून आलो.

कर्जत, नेरळ, खालापूर ही नावे गेल्या काही दशकांत मुंबई-वसईच्या अनेक कुटुंबांच्या परिचयाची झाली. डोंगराच्या कुशीतले घर, नदीकाठचा बंगला, सुट्टीतले चार दिवस, ह्यांत गैर काही नाही. विश्रांतीही देवाचीच देणगी आहे. पण त्या घराचा राखणदार बहुधा कातकरी किंवा ठाकर असतो, आणि त्याच्याविषयी कौतुकाने म्हटले जाते, 'किती नम्र माणसं! कधी तोंड वर करून बोलत नाहीत.' वाचकहो, ती नम्रता नव्हे, ती भीती आहे. ज्याच्या नावावर घराखालची जमीन नाही, पावसाळा संपला की वीटभट्टीवर उचल घेऊन ज्याचे कुटुंब जाते आणि ती उचल फेडता फेडता ज्याचा हंगाम सरतो, तो तोंड वर करून कसा बोलेल? वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. कातकरी समाजाला शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणले आहे. ज्या मौनामागे एवढा इतिहास आहे त्याला सद्‌गुण म्हणून शाबासकी देणे हा त्या माणसाचा आणि त्या सद्‌गुणाचा, दोघांचाही अपमान आहे. मजुराची अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी आक्रोश करते, असे संत याकोब आपल्या पत्रात लिहितो. मजूर गप्प राहिला तरी त्याची मजुरी बोलते.

इर्शाळगडाच्या परिसरातच मोरबे धरण आहे. तिथले पाणी नवी मुंबईच्या घराघरांत जाते, आणि त्या घरांत आपलीही पुष्कळ घरे आहेत. पाण्याला खाली यायला जलवाहिनी मिळाली. वाडीतल्या माणसांना चढाउतरायला रस्ता मिळाला नाही. जेवणापूर्वी पेल्यातल्या पाण्याबद्दल देवाचे आभार मानताना ही गोष्ट आठवणे, ही नम्रतेची पहिली पायरी ठरावी.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप

आपले काही पुरोगामी मित्र ह्या सगळ्याचा शेवट वेगळा करतात. ते म्हणतात, मग ही नम्रता आणि हा भरवसा फेकूनच द्या. ज्या जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर स्वाभिमानाचा धडा दिला, तिथे तुम्ही अजून नम्रता कसली शिकविता?

आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. नम्रतेचा शत्रू स्वाभिमान नसून उद्दामपणा आहे. नम्रता म्हणजे सत्यात चालणे, असे अविलाच्या संत तेरेजाने सोळाव्या शतकात सांगून ठेवले. मी देवाचे लेकरू आहे हे सत्य, आणि मी देव नाही हेही सत्य. पहिले विसरलो तर लाचारी येते, दुसरे विसरलो तर मगरुरी. प्रमुख याजकापुढे उभ्या असलेल्या येशूला शिपायाने चपराक मारली, तेव्हा त्या परम नम्र प्रभूने मुकाट्याने मान खाली घातली नाही. माझे काही चुकले असेल तर दाखव, नाहीतर मला का मारतोस, असे त्याने विचारले. 'का' हा प्रश्न नम्रतेच्या तोंडी शोभतो, ह्याला ह्याहून मोठा दाखला कोणता हवा?

शिवाय आज ह्या डोंगरांना नम्रतेची जितकी गरज आहे तितकी पूर्वी कधी नव्हती. लॅटिन भाषेतील नम्रतेचा शब्द 'ह्युमुस' म्हणजे माती ह्या शब्दाशी नाते सांगतो. नम्र माणूस मातीचे ऐकतो. पावसाचे मोजमाप ठेवणारा, उताराला पडलेली भेग पाहून थांबणारा भूशास्त्रज्ञ ह्या अर्थाने नम्र आहे. डोंगर आपल्या नकाशाप्रमाणे वागेल असे समजणारा नम्र नाही, मग तो कितीही वेळा हात जोडो. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली अहवाल दिला. त्यातील एकेका शिफारशीविषयी मतभेद असू शकतात. पण तो अहवाल ज्या अधीर तुच्छतेने बाजूला ठेवला गेला तिला नम्रता म्हणता येणार नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐका, असे सांगितले. इर्शाळवाडीत तो आक्रोश एकाच रात्री, एकाच जागेवरून उठला.

'पण हे राजकारण झाले, धर्मगुरूंचा आणि भाविकांचा त्याच्याशी काय संबंध?' अशीही कुजबुज होईल. वसईकर वाचकांना ह्याचे उत्तर मी सांगायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी बायबल मराठीत आणले आणि त्याच हातांनी हरित वसईच्या लढ्याची पताका धरली. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूघरी गेले. त्यांच्या प्रार्थनेने त्यांचे पाय रस्त्यावर येण्यापासून अडविले नाहीत, आणि रस्त्यावर आले म्हणून त्यांची प्रार्थना आटली नाही.

मग करायचे काय?

'डोंगर सोडा' हा सल्ला देणे सोपे आहे. ठाकर माणसाला डोंगर म्हणजे त्याची रानभाजी, त्याचे लाकूड, त्याची वरकस जमीन, त्याचे देव आणि त्याची थडगी. दुसरीकडे घर दिले आणि पोट भरायला रान ठेवले नाही, तर ते पुनर्वसन अपुरे राहते. म्हणून जवळच जमीन, हाताला काम आणि मुलांना शाळा ह्या तिन्हींची मागणी एकत्र करावी लागते. ती त्यांनी करावी आणि आपण त्यांच्या मागे उभे राहावे. त्यांच्या पुढे जाऊन उभे राहणे हीदेखील एक मगरुरीच आहे.

ज्यांची घरे कर्जत-खालापुरात आहेत त्यांनी आपल्या घरासाठी डोंगर किती कापला गेला आणि पावसाचे पाणी कुणाच्या अंगणात उतरते, हे एकदा चालून पाहावे. राखणदाराला योग्य मजुरी वेळेवर द्यावी आणि त्याच्या झोपडीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे त्याला विचारावे. जून लागण्यापूर्वी परिसरातल्या उतारावरच्या वाड्या यादीत आहेत काय, अतिवृष्टीच्या रात्री त्यांनी कुठे आसरा घ्यायचा, हा प्रश्न ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीत विचारावा. धर्मग्रामातील उपवासकाळाच्या दानपेटीतला काही वाटा अशा कामाकडे वळवावा. ह्यांतले एकही काम वीराचे नाही. कोणत्याही कुटुंबाला जमेल असे हे आहे. हे सारे करूनही एखाद्या रात्री डोंगर कोसळेल, आणि तेव्हा आपल्या हाती अश्रूंखेरीज काही उरणार नाही. भरवशाची खरी जागा तीच. हाताने करण्यासारखे सर्व करून झाल्यावर जे उरते ते देवाच्या ओंजळीत ठेवणे, ह्याला भरवसा म्हणतात. आरंभीच हात झटकून सगळेच त्याच्या ओंजळीत टाकणे, ह्याला नव्हे.

त्या रात्री जे अंधारातून वर चढले, ज्यांनी नखांनी माती उकरली, त्यांतल्या किती जणांनी देवाचे नाव घेतले हे देवालाच ठाऊक. परंतु अंजिराच्या झाडाखाली कुदळ घेऊन वाकलेल्या माळ्याशी त्यांचे नाते आहे, ह्यात शंका नाही. दर वर्षी पावसाळा सरतो आणि पुढचा येईपर्यंत आपल्याला आठ महिन्यांची मुदत मिळते. धन्याने ती दिली आहे ती खणण्यासाठी.